जुन्या इमारतीच्या पुनर्वापराला पुरस्कार मागताना: नामांकनाची फाईल कशी बांधावी

जुनी इमारत नीट दुरुस्त झाली, तिला नवा वापर मिळाला, लोकांची वर्दळ सुरू झाली, आणि तरीही संवर्धन पुरस्काराच्या पहिल्याच चाळणीत अर्ज बाद झाला. असं सारखं घडतं. काम वाईट होतं म्हणून घडतं असं फार कमी वेळा असतं. परीक्षकांच्या टेबलावर इमारत येत नाही, फाईल येते. त्या फायलीत इमारत आता किती देखणी दिसते एवढंच असतं. आधी काय होतं, त्यातलं काय राखलं, काय काढलं आणि कशासाठी काढलं, याचा कुठे मागमूस नसतो.

अशा फायली तयार करायला मी हातभार लावलाय, आणि काही वेळा निवडीच्या बाजूला बसून त्या वाचल्याही आहेत. एक फाईल अजून डोळ्यांसमोर आहे. झुंबरं, पॉलिश केलेले जिने, फीत कापणारे पाहुणे अशी पन्नासेक पानं होती, आणि कामाआधीचे फोटो फक्त दोन. त्यातल्या एकात इमारतीपुढे ट्रक उभा होता. काम उत्तम असावं असं सगळ्यांनाच वाटत होतं, पण त्या फायलीवरून ते कुणालाच सांगता येईना.

पुढचे टप्पे कामाच्या क्रमाने दिले आहेत. काम सुरू व्हायचं असेल तर पहिल्यापासून पाळा. काम संपलेलं असेल तर जिथे ‘उशीर झाला असेल तर’ हा भाग दिलाय, तो आधी बघा.

## टप्पा १: आपण नेमकं काय केलं, ते ठरवा

बोलताना आपण सगळ्यालाच ‘जीर्णोद्धार’ म्हणतो. अर्जात हा एक शब्द पुरत नाही. वारसा संवर्धनाची तत्त्वं सांगणारी ऑस्ट्रेलियातली बुरा सनद १९७९ मध्ये स्वीकारली गेली आणि २०१३ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. तिच्यात केलेली विभागणी जगभर कामाला येते. नंतरची भर काढून किंवा असलेलेच भाग पुन्हा जुळवून इमारत पूर्वीच्या माहीत असलेल्या अवस्थेत आणली, आणि त्यात नवं साहित्य घातलं नाही, तर ती पुनर्स्थापना. तेच करताना नवं साहित्य घालावं लागलं, तर पुनर्रचना. नव्या वापरासाठी इमारतीत फेरफार केले, तर ते अनुकूलन. आणि आहे ते आहे तसं सांभाळणं हे आणखी वेगळं काम.

एकाच इमारतीत हे सगळं घडू शकतं, घडतंच. छप्पर पुनर्रचित, दर्शनी भिंत फक्त सांभाळलेली, मागचं गोदाम वाचनालयात बदललेलं. कोणत्या भागाला काय केलं हे भागवार लिहा, आणि अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात त्यातलं मुख्य काम कोणतं ते सांगा. ‘पुनर्स्थापना’ असा शब्द वापरून पुढे नव्या घडवलेल्या कमानींचे फोटो लावले, की परीक्षकाच्या मनात पहिली शंका तिथेच येते.

त्यानंतर पुरस्काराची नियमावली. ती दर फेरीला नव्याने वाचा, गेल्या वेळची आठवण पुरेशी नाही. युनेस्कोचे आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धन पुरस्कार २०००पासून दिले जातात. जुन्या इमारतीचं संवर्धन आणि जुन्या परिसरातलं नवं बांधकाम हे तिथे दोन वेगळे गट आहेत. इमारतीचं वय, काम पूर्ण होऊन झालेली वर्षं आणि पुन्हा वापर सुरू होऊन झालेला काळ, या तिन्ही बाबतींत अटी असतात. इतर पुरस्कारांतही याच तीन तारखांवर बरेच अर्ज अडतात.

तपासा: काम पूर्ण झाल्याची तारीख कोणत्या कागदावरून सिद्ध होते? उद्घाटनाच्या निमंत्रणावरून होत नाही. पूर्णत्वाचा दाखला किंवा शेवटचं मोजमाप-बिल लागतं.

## टप्पा २: मालक आणि परवानग्या

हा टप्पा छोटा आहे, पण शेवटच्या आठवड्यात गळ्याशी येतो. मालकाची लेखी संमती, इमारत वारसायादीत असेल तर संबंधित परवानगी, मंजूर नकाशे आणि छायाचित्रकाराची परवानगी, एवढं एका पाकिटात सुरुवातीलाच ठेवा. मालक अनेक असतील तर प्रत्येकाची सही घ्या. मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम यांत फरक पडला असेल, तर तो स्वतःहून सांगा आणि फरकाला मंजुरी कशी घेतली ते लिहा. भेटीला आलेल्या तज्ज्ञाला तो फरक अर्ध्या तासात दिसतो.

## टप्पा ३: कामाआधीची नोंद

फाईल याच टप्प्यावर जिंकते किंवा हरते. म्हणून इथे सावकाश जाऊ.

परांची बांधायच्या आत, भंगार हलवायच्या आत, जाळीजळमटं झाडायच्याही आत नोंद सुरू करा. ‘आधी जरा साफसफाई करून घेऊ, मग फोटो काढू’ ही सर्वात महागडी चूक आहे. साफसफाईत निखळलेल्या फरशा, जुन्या बिजागऱ्या, रंगाचे पोपडे, छपराच्या पट्ट्या असं सगळं कचऱ्यात जातं. पुढे ‘मूळ बिजागरी कशी होती’ असा प्रश्न आला, की उत्तर कचराकुंडीत गेलेलं असतं.

पहिलं काम: क्रमांक. प्रत्येक खोलीला क्रमांक द्या. खोलीत शिरणाऱ्या मुख्य दारापासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने भिंतींना क, ख, ग, घ अशी अक्षरं द्या. दारं-खिडक्यांना स्वतंत्र क्रमांक. ही पद्धत शेवटपर्यंत बदलायची नाही. कामाच्या मधेच कंत्राटदाराने आपले वेगळे क्रमांक सुरू केले, की दोन वर्षांनी कुठला फोटो कुठल्या खोलीचा हे कुणालाच सांगता येत नाही.

दुसरं: ठरलेल्या जागेवरून फोटो. प्रत्येक महत्त्वाच्या जागेसाठी कॅमेऱ्याची जागा नकाशावर बाणाने दाखवा. उंची आणि कॅमेऱ्याची लेन्स लिहून ठेवा. काम चालू असताना आणि संपल्यावर त्याच जागेवरून, शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी, पुन्हा फोटो काढायचे आहेत. तपशिलाच्या फोटोत मोजपट्टी ठेवा. मूळ फाईल न कापता, रंग न बदलता दोन वेगळ्या ठिकाणी जपून ठेवा. मोबाईलने काढले तरी चालतं, पण गप्पांच्या ॲपवरून एकमेकांना पाठवलेल्या प्रतींवर भरवसा ठेवू नका. त्या बारीक होऊन येतात आणि त्यांची तारीखही हरवते.

तिसरं: मोजणीचे नकाशे. मजल्यांचे नकाशे, उभे छेद (इमारत उभी कापल्यासारखी दाखवणारे नकाशे), दर्शनी बाजू. जुन्या इमारतीत काटकोन क्वचितच काटकोन असतो, म्हणून खोलीचे कर्ण मोजा. सगळं सरळ रेषेत आखलेला नकाशा आला, की मोजणी टेबलावर बसून झाली हे ओळखू येतं.

चौथं: बिघाडाचा नकाशा. ओल, लोणा (भिंतीवर फुटणारे क्षार), तडे, फुगलेला गिलावा, गंजून सुटलेलं लोखंड, किडलेलं लाकूड यांच्या खुणा वेगवेगळ्या रंगांत त्याच नकाशांवर करा. तड्याच्या दोन्ही बाजूंना खूण करून तारीख टाका आणि काही महिने मोजत राहा. तडा थांबलेला आहे की वाढतोय, यावर पुढचा सगळा उपाय अवलंबून असतो.

पाचवं: नमुने. चुन्याचा, विटेचा, रंगाच्या थरांचा छोटा नमुना घ्या आणि कुठून घेतला ते लिहा. रंगाचे थर एका कोपऱ्यात पायरी-पायरीने खरवडून दाखवता येतात. ती चौकट काम संपल्यावरही भिंतीवर तशीच राखता आली, तर फारच चांगलं.

उशीर झाला असेल तर: कंत्राटाआधीचं अंदाजपत्रक आणि कामाचं परिमाणपत्रक (कोणतं काम किती, याची यादी) शोधा. ‘तळमजल्यावरील अमुक चौरस मीटर सिमेंट गिलावा काढणे’ अशी एक ओळ कित्येकदा फोटोइतकीच बोलते. बँकेचा किंवा विम्याचा पाहणी अहवाल, जुन्या भाडेकरूंच्या घरगुती समारंभांचे फोटो, गवंड्यांच्या फोनमधली चित्रं असं मिळेल ते गोळा करा. लग्नाच्या फोटोत वऱ्हाडाच्या मागे जिन्याचा मूळ कठडा सापडलेला मी पाहिलाय.

सावधान: कामानंतर ‘आधीची स्थिती’ म्हणून अंदाजाने नकाशा काढू नका. काढावाच लागला, तर त्यावर ‘आठवणीवरून व उपलब्ध फोटोंवरून’ असं ठळक लिहा. तुटपुंजी नोंद परीक्षक समजून घेतात. बनवलेली नोंद उघडी पडली, तर फायलीतल्या उरलेल्या पानांवरचाही विश्वास जातो.

## टप्पा ४: इमारतीच्या महत्त्वाबद्दलचं विधान, आराखड्याच्या आधी

इमारत महत्त्वाची का आहे, हे दीड-दोन पानांत लिहायचं आहे. बुरा सनदेचा क्रम साधा आहे: आधी महत्त्व समजून घ्या, मग धोरण ठरवा, मग कामाला हात घाला. आपल्याकडे बहुधा उलटं होतं. आराखडा तयार होतो, काम संपतं आणि अर्ज भरताना कुणीतरी ‘महत्त्व’ लिहायला बसतं. मग जे योगायोगाने शिल्लक राहिलं, तेच महत्त्वाचं होतं असं विधान तयार होतं.

‘शहराची शान’, ‘वैभवशाली परंपरा’ ही वाक्यं सरळ खोडा. त्याऐवजी भागांची तीन गटांत वाटणी करा. ज्यांना हात लावायचा नाही असे भाग. ज्यांत काळजीपूर्वक फेरफार चालेल असे भाग. आणि ज्यांनी इमारतीला इजा केली आहे, म्हणून काढायला हवेत असे भाग. प्रत्येक भागापुढे एक ओळ कारण.

तिसऱ्या गटात घाई नको. नंतरची प्रत्येक भर परकी नसते. गिरणीत पन्नास वर्षांनी बसवलेली उदवाहकाची जाळी आज गिरणीच्या कहाणीचा भाग झालेली असू शकते. संवर्धनाचीच १९६४ची आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनद वेगवेगळ्या काळांच्या वैध भरीचा मान राखायला सांगते. सगळी इमारत एकाच ‘मूळ’ वर्षाला खेचून नेणं हाच तिथे उद्देश नाही.

तपासा: विधान वाचून अनोळखी माणसाला ‘इथे कशाला हात लावायचा नाही’ हे कळतं का? शेजाऱ्याला वाचायला द्या आणि विचारा.

## टप्पा ५: निर्णयांची वही

मला एकच पान वाचायची मुभा दिली, तर मी हे मागेन. फाईलमध्ये सहसा हेच नसतं.

साधी वही पुरते. प्रत्येक नोंदीत जागा, काय आढळलं, कोणते पर्याय होते, काय निवडलं, का निवडलं, कोणी ठरवलं, तारीख, आणि नंतर काय झालं. नमुन्यादाखल एक नोंद:

*जागा:* तळमजला, खोली ६, भिंत ख.
*आढळलं:* नंतर केलेला सिमेंटचा गिलावा. ठोकल्यावर पोकळ आवाज. जमिनीपासून कमरेपर्यंत लोणा. गिलाव्यामागे मूळ वीट मऊ झालेली.
*पर्याय:* (१) वरून ओलरोधक रंग. (२) सिमेंटचाच नवा गिलावा. (३) सिमेंट काढून भिंत सुकू देणे, मग चुन्याचा गिलावा.
*निवड:* तिसरा. त्याआधी छपराची पन्हळ आणि भिंतीलगतचा पाण्याचा निचरा दुरुस्त करणे.
*कारण:* ओलीचा उगम बंद न करता वर काहीही लावलं तरी ते सुटणार. सिमेंटचा थर भिंतीतली ओल बाहेर पडू देत नाही. क्षार मागे साचून विटेचा पापुद्रा उडतो.
*नंतर:* भिंत सुकायला अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागला. खोलीचं काम शेवटच्या टप्प्यात ढकललं.

एवढ्या बारा-पंधरा ओळींतून परीक्षकाला कळतं की इथे कुणीतरी विचार करत होतं. ‘पारंपरिक साहित्य वापरले’ या वाक्यातून यातलं काहीच कळत नाही.

वहीत हमखास लागणाऱ्या काही गोष्टी:

*दरजा.* दरजांमधला मसाला विटेपेक्षा किंवा दगडापेक्षा मऊ हवा. म्हणजे ओल आणि झीज मसाल्यावर निभावते आणि वीट वाचते. कोणता मसाला, कोणत्या प्रमाणात, नमुना-पट्टा कुठे करून पाहिला ते लिहा. जुना मसाला यंत्राच्या चकतीने काढला असेल, तर विटांच्या कडा शाबूत असल्याचे जवळचे फोटो लावा. परीक्षक तिथे भिंग लावून बघतात, हे गमतीने म्हणत नाही.

*सफाई.* वाळूचा मारा करून विटांची भिंत लालभडक केली, की तिची भट्टीत कडक झालेली वरची कातडी जाते आणि आतली मऊ वीट उघडी पडते. ‘आधी काळी, नंतर चकचकीत’ ही फोटोजोडी अर्जदाराला अभिमानाची वाटते. जाणकार परीक्षक ती बघून कपाळाला हात लावतो. सफाईची पद्धत, पाण्याचा दाब आणि आधी केलेल्या चाचणीचा चौकोन हे नोंदवाच.

*चुना.* चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू कडक होतो. त्याला वेळ आणि ओलावा लागतो. कामाच्या वेळापत्रकात हा वेळ दिसला पाहिजे.

*नवं आणि जुनं.* हरवलेल्या भागाच्या जागी घातलेला भाग एकूण इमारतीशी सुसंगत असावा, पण जवळून पाहिल्यावर वेगळा ओळखू यावा, असं व्हेनिस सनद सांगते. आणि अंदाजबाजी सुरू होते तिथे पुनर्स्थापना थांबली पाहिजे, हेही. बर्लिनचं नॉयेस म्युझियम याचं पाहण्यासारखं उदाहरण. दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेली ती इमारत २००९ मध्ये पुन्हा उघडली. मधला भव्य जिना जळून गेला होता. तो मूळच्या जागी, मूळच्या आकारमानात, पण नक्षीकामाशिवाय संगमरवराच्या चुऱ्याच्या काँक्रीटमध्ये उभारला. भिंतींवरचे जळाल्याचे, गोळ्यांचे डाग बऱ्याच ठिकाणी तसेच राखले. तो निर्णय सगळ्यांना पटला नव्हता. काम करणाऱ्यांना मात्र आपण असं का केलं ते सांगता येत होतं, आणि २०११ मध्ये त्या कामाला युरोपीय संघाचा समकालीन वास्तुकलेचा मीस व्हान डर रोए पुरस्कार मिळाला.

चुकलेली नोंदही ठेवा. एका फायलीत स्पष्ट लिहिलं होतं की चुन्याच्या गिलाव्याची पहिली खेप तडकली. उन्हात फार लवकर सुकली होती. ती खरवडून काढली, ओलं गोणपाट लावून पुन्हा केली. समितीतल्या सगळ्यांनी त्या पानावर खूण केली, आणि ती खूण चांगल्या अर्थाची होती.

उशीर झाला असेल तर: स्थपती, देखरेख करणारा अभियंता, मुख्य गवंडी आणि मालक यांना इमारतीत एकत्र बोलवा. खोलीमागून खोली फिरत ‘इथे काय अडलं होतं’ एवढंच विचारा आणि रेकॉर्ड करा. बैठकीच्या नोंदी आणि पत्रव्यवहाराशी तारखा ताडून घ्या. वीस-पंचवीस निर्णय सहज निघतात.

## टप्पा ६: नव्या वापराचा पुरावा

‘आता इथे संग्रहालय आहे’ हे वापराचं वर्णन झालं. पुरावा म्हणजे, नव्या वापराने इमारतीकडून काय मागितलं आणि इमारतीने ते कसं पेललं.

पॅरिसचं ओर्से संग्रहालय १९००मध्ये रेल्वे स्थानक म्हणून उघडलं. विद्युतीकरणानंतर गाड्या लांबल्या, फलाट तोकडे पडले, आणि १९३९पासून लांब पल्ल्याच्या गाड्या तिथे येईनाशा झाल्या. १९८६मध्ये तिथे संग्रहालय सुरू झालं, तेव्हा गाड्यांसाठी बांधलेली लांबच लांब, काचेच्या छताची पोकळी मुख्य दालन म्हणून कामी आली. लंडनच्या बँकसाइड वीजकेंद्रातही असंच. टर्बाइनं हलवल्यावर उरलेलं अवाढव्य दालन खोल्यांमध्ये न तोडता मोकळं ठेवलं, आणि २०००पासून टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाची ओळखच ते दालन बनलं. दोन्हीकडे वापर निवडताना जागेच्या आकाराकडे पाहिलेलं दिसतं.

याच्या पलीकडचं उदाहरण केप टाउनचं. धान्य साठवण्याच्या ४२ काँक्रीट नळकांड्यांच्या मधोमध धान्याच्या दाण्याच्या आकाराची पोकळी कोरून काढली, आणि २०१७मध्ये तिथे झाइट्झ हे कलासंग्रहालय उघडलं. मूळ बांधकाम बरंच कापलं गेलं. माझ्या मते ते समर्थनीय आहे, कारण नुसत्या नळकांड्यांत माणूस उभा राहून काही पाहू शकत नव्हता, आणि कापलेल्या कडांवरून नळकांडी आजही वाचता येतात. पण एवढं कापायचं असेल, तर एवढंच सविस्तर कारणही द्यावं लागतं.

तुमच्या फायलीत या मागण्यांची उत्तरं एकेक करून द्या: आगीच्या वेळी बाहेर पडायचा जिना कुठे घातला, स्वच्छतागृहांचे नळ कोणत्या भिंतीतून गेले, वातानुकूलनाचे पाइप छताखाली दिसतात की लपवलेत, चाकाच्या खुर्चीतला माणूस मुख्य दारानेच आत येतो की मागच्या बाजूने, नव्या वापराचा भार जुन्या तुळया पेलतात हे कोणत्या गणिताने ठरवलं. उदवाहकाचा खड्डा ही नेहमीची ठसठस. तो कुठे घेतला आणि त्यासाठी काय गेलं, हे नकाशावर दाखवा. यातलं काय पुढे इमारतीला धक्का न लावता काढून टाकता येईल, तेही लिहा.

वापर सुरू होऊन किमान एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या. पहिल्या पावसात गळलं का, लोक प्रत्यक्षात कोणत्या खोल्या वापरतात, कोणत्या कुलूपबंद आहेत. रिकाम्या खोल्यांबद्दल गप्प राहू नका.

सावधान: दर्शनी भिंत तेवढी उभी ठेवून मागचं सगळं पाडून नवं बांधलं असेल, तर त्याला पुनर्वापर म्हणू नका. नव्या रचनेच्या गटात अर्ज करता येतो का ते बघा. उभ्या छेदाचा एक नकाशा मागितला, की हे लगेच उघड होतं, आणि छेद मागतातच.

## टप्पा ७: माणसं

आधी तिथे राहणारे किंवा धंदा करणारे लोक कुठे गेले? हा प्रश्न पूर्वी क्वचित विचारला जाई. आता विचारला जातो आणि विचारायलाच हवा. परत आले असतील तर कोणत्या अटींवर, गेले असतील तर कसे, हे चार सरळ वाक्यांत सांगा. कामात शिकलेले गवंडी, सुतार, पाथरवट यांची नावं त्यांना विचारून द्या. स्थपतीचं नाव सात ठिकाणी आणि चुना मळणाऱ्याचं एकाही ठिकाणी नाही, असं होऊ देऊ नका.

## टप्पा ८: फाईल जुळवणं

लिहिण्याचा क्रम आणि वाचण्याचा क्रम वेगळा ठेवा. लिहिताना निर्णयांची वही आधी, मग आधीच तयार असलेलं महत्त्वाबद्दलचं विधान, मग वापर, आणि सारांश सगळ्यात शेवटी. वाचणाऱ्यासमोर मात्र सारांश पहिला येतो. त्यात इमारत काय होती, कशात अडकली होती, मुख्य निर्णय कोणते आणि आज काय चालतं, एवढंच.

नकाशे तीन रंगांत द्या: राखलेलं, काढलेलं, नवं. हा एक नकाशा दहा पानांच्या वर्णनाचं काम करतो. कित्येक अर्जदार काढलेल्या भागाचा रंग सोडून देतात, आणि परीक्षक सर्वात आधी तोच शोधतो.

फोटो जोडीने लावा, त्याच जागेवरून आधीचा आणि नंतरचा, शक्य तिथे मधला कामाचाही. प्रत्येकाखाली खोली क्रमांक, तारीख आणि काय पाहायचं ते एका ओळीत. संध्याकाळच्या दिव्यांतला, ओल्या फरशीवर प्रतिबिंब पडलेला फोटो एखादा असू द्या. सगळे तसेच असतील, तर भिंत बघताच येत नाही.

शब्दमर्यादा पाळा. जास्तीचं परिशिष्टात कोंबलं तर ते वाचलं जाईल, हा गैरसमज आहे.

तपासा: मजकुरातल्या प्रत्येक दाव्यापुढे पेन्सिलीने फोटोचा, नकाशाचा किंवा नोंदीचा क्रमांक लिहा. ज्या दाव्यापुढे काहीच लिहिता येत नाही, तो काढा.

## टप्पा ९: पाहणीची भेट

भेटीआधी रंगरंगोटी करू नका. ताजा रंग म्हणजे काहीतरी झाकलंय असा संशय येतो. छप्पर, तळघर, स्वच्छतागृहामागची फट, विजेच्या तारांची खोली यांच्या किल्ल्या हाताशी ठेवा. पाहुण्याला दिवाणखान्यात चहा पाजण्यातच अर्धा वेळ घालवू नका. रोज इमारत सांभाळणारा माणूस बरोबर असू द्या आणि त्याला बोलू द्या. पन्हळ किती दिवसांनी साफ होते, याचं उत्तर त्याच्याकडे असतं, स्थपतीकडे नसतं.

## टप्पा १०: मान्यता मिळाल्यावर

देखभालीचं वेळापत्रक, मसाल्यांची प्रमाणं, वापरलेल्या साहित्याचे उगम आणि निर्णयांची वही यांची एक प्रत इमारतीतच ठेवा, एक ग्रंथालयात किंवा अभिलेखागारात द्या. व्हेनिस सनदही नोंदी सार्वजनिक संस्थेत ठेवायला सांगते. पुढच्या दुरुस्तीचा गवंडी तुम्हाला शोधत येणार नाही, त्याला कागद सापडला पाहिजे.

आणि शेवटी ती पाटी. सन्मानाची पाटी लावण्यासाठी कोरीव दगडात चार भोकं पाडलेली मी पाहिली आहेत. आत लोखंडी स्क्रू, आणि काही वर्षांतच गंजाचे ओघळ पाटीखालून उतरलेले. पाटी लावायची तर भोकं दरजांमध्ये पाडा, दगडात किंवा विटेत नको. स्क्रू पितळी किंवा गंजरोधक पोलादी घ्या, पाटी आणि भिंत यांच्यात बोटभर फट ठेवा म्हणजे मागे पाणी साचत नाही. आणि हेही निर्णयांच्या वहीत लिहा: जागा, कारण, तारीख.